जरा तेवढी खुर्ची सरकवा

पाळक : बाई, राहू द्या त्या खुर्च्या. दोन मिनिटं बसा ना.

बाई : अजून बावीस राहिल्यात. उद्या रविवार, सकाळी चर्चमध्ये लोक काय उभे राहणार? बोला पाळक, हात चालू असले तरी कान मोकळे आहेत माझे.

पाळक : मला अहो-जाहो नका हो करू. चौथीत तुम्ही मला बाकावर उभं केलं होतंत.

बाई : पाळक म्हणून आलात तर अहो, विद्यार्थी म्हणून आलास तर अरे. आज कोण आलंय?

पाळक : विद्यार्थी.

बाई : म्हणजे काहीतरी करून ठेवलंयस. सांग पटकन.

पाळक : सोमवारी बाकं येणार आहेत. लाकडी, जमिनीला पक्की ठोकायची. कमिटीनं ठरवलं. म्हणजे आता दर शनिवारी खुर्च्या मांडायला नकोत... बाई, काहीतरी बोला.

बाई : बोलते. आधी हिच्या पायाखाली कागद सारू दे, डुगडुगतेय.

पाळक : तुम्हालाही जरा आराम मिळेल.

बाई : आराम? रिटायर झाले तेव्हा मिळाला होता की आराम! छत्तीस वर्षं आठशे पोरांना 'उठा, बसा' सांगितलं. निरोपाला शाळेनं घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. मला कुणी ऊठ म्हणेना की बस म्हणेना. चार महिने भिंतीकडे बघत काढले. मग एका रविवारी इथं येऊन डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, आयुष्यभर मीच हुकूम सोडले, आता तू एक सोड. कसलाही असू दे, मी करेन. डोळे उघडले तर समोर तू. म्हणालास, 'बाई, जरा तेवढी खुर्ची सरकवा.'

पाळक : मी?

बाई : तूच. मी सरकवली. मग तिच्या शेजारची वाकडी दिसली, ती सरळ केली. पुढच्या शनिवारी येऊन सगळ्याच लावल्या. अडीच वर्षं झाली त्याला.

पाळक : बाई, एक सांगू? रागावू नका.

बाई : ते ऐकल्यावर ठरवेन.

पाळक : त्या दिवशी माझ्या हातात कपांचा ट्रे होता. मला फक्त जायला वाट हवी होती.

बाई : एवढंच?

पाळक : एवढंच. देवाचं वगैरे काही नव्हतं हो त्यात.

बाई : अरे देवा! कपांचा ट्रे! थांब, हसून पोट दुखायला लागलं. अडीच वर्षं! पण खरं सांगू, माझी प्रार्थना झाली तेव्हा त्याच्या हाताशी तूच होतास. त्यानं तुलाच वापरलं. त्याला काय, ट्रेसकट वापरलं.

पाळक : मला वाटलं, ऐकून तुम्हाला वाईट वाटेल.

बाई : त्याचं नाही वाटत. या अडीच वर्षांत मी जेवढी सुखात आहे तेवढी हेडबाई असताना एक दिवस नव्हते. एकेक खुर्ची मांडते आणि तिच्यावर बसणाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करते. ही पोस्टमनची, त्याचा गुडघा धरतो म्हणून कडेला. ही नर्सबाईंची. रात्रपाळी करून येतात बिचाऱ्या, डुलकी लागते, म्हणून खांबाआड. दुसऱ्या ओळीत ही मोकळी जागा शिवणवाल्या मावशींच्या व्हीलचेअरला. आता सोमवारपासून परत त्या घड्याळाकडे बघत बसायचं, याची मात्र भीती वाटते रे. आणि बाकावर लोक सरकून बसतात. खुर्ची रिकामी राहिली की दिसते तरी.

पाळक : किती राहतात रिकाम्या?

बाई : तसं कुणी ना कुणी गैरहजर असतंच. पण दर रविवारी राहते ती एकच. तिसऱ्या ओळीत, भिंतीकडून पहिली.

पाळक : ती... बाबांची?

बाई : वीस वर्षं तिथं बसले. तू रंधा सोडून पाळक झालास आणि ते यायचे थांबले.

पाळक : मला वाटायचं, तुमच्या मोजण्यात एक जास्त येते.

बाई : छत्तीस वर्षं हजेरी घेतलीय मी. जास्त येत नाही.

पाळक : अरे बापरे! बाई, मावशींची व्हीलचेअर! बाकं एका भिंतीपासून मधल्या वाटेपर्यंत सलग आहेत. मोकळी जागा कुणी सोडलीच नाही. आणि ती तयारही झालीत.

बाई : मग एक कापावं लागेल. त्याला सुतार लागेल. चांगला सुतार.

पाळक : मी गेलो तर बाबा दार उघडणार नाहीत.

बाई : मग?

पाळक : मग... तुमच्याएवढं कुणाला माहीत नाही, कोण येतं आणि कोण येत नाही. आता खुर्च्यांऐवजी हे करायचं. जो दिसला नाही, शनिवारी त्याच्या घरी जायचं. सुरुवात आमच्या घरापासून.

बाई : विचारतोयस की सांगतोयस?

पाळक : सांगतोय.

बाई : जाते, पाळक. आज शनिवारच आहे. या उरलेल्या तुम्ही लावा. आणि ओळ सरळ आली पाहिजे!

(पुढचा शनिवार. चर्चमध्ये बाकं लागली आहेत. दुसऱ्या ओळीतल्या बाकापाशी सुतार करवत घेऊन बसलाय.)

सुतार : याला लाकूड म्हणायचं? नुसता भुसा चिकटवलाय. करवतीला लाज वाटते. बाई, तुम्ही आलात म्हणून आलो हां मी. देवाचं काही काढू नका.

बाई : मी कुठं काढलं? मी आपली टेप धरून उभी आहे.

सुतार : तीन पिढ्यांचं दुकान. पोराला रंधा शिकवला, हात बसला, आणि हा निघाला लोकांना उपदेश करायला. सुताराच्या पोराचं काम आहे का हे?

बाई : सुताराच्या घरातून असा निघालेला हा काही पहिला नाही.

सुतार : ...बाई, तुम्ही ना! काढलंतच शेवटी प्रभूचं! हसवू नका, माप चुकेल.

पाळक : (आत येत) बाई, किल्ली राहिली होती म्हणून... बाबा.

सुतार : उभा काय राहिलास? ते टोक धर.

पाळक : मी?

बाई : सांगितलंय ते कर रे.

सुतार : घट्ट धर. अंगठा आत. हं... विसरला नाहीस.

पाळक : काहीच नाही विसरलो, बाबा.

सुतार : बरं, बरं. हलवू नकोस. झालं... सुटला तुकडा. बाई, आता येईल तुमच्या मावशींची गाडी. आणि माझी ती जागा कुठली म्हणालात?

बाई : ती काय, मागच्याच ओळीत, भिंतीपाशी.

सुतार : तिथलं पॉलिश उडालंय की. बघा, कसं काम करतात.

पाळक : मी ब्रश आणतो, बाबा. आत्ताच मारू या.

सुतार : आज नको. सकाळपर्यंत वाळायचं नाही ते, आणि माझ्याकडे चांगली पँट एकच आहे.