चार वाजताचा चहा

मला चहा नको, आधी ऐका. आमच्या महादेवपुराच्या ऑफिसात एचआरमध्ये नागपूरची स्नेहा आहे. तिनं मला काम दिलं, अप्रेझलचं रेटिंग खरंच कामाप्रमाणे मिळतं का ते तपास. दोन महिने डोकेफोड केली. कामाशी रेटिंगचा काडीचा संबंध नव्हता. चांगलं रेटिंग होतं ते मॅनेजरबरोबर रोज चार वाजता चहाला जाणाऱ्यांना. मी रिपोर्टात तसं स्पष्ट लिहिलं. माझा मॅनेजर वाचून म्हणाला, "सरी," म्हणजे कन्नडमधलं 'बरं', "बढिया काम किया."

परवा माझं रेटिंग आलं. पाचपैकी दोन. शेरा काय, तर काम उत्तम, पण टीममध्ये मिसळत नाही. तशीच तणतणत स्नेहाकडे गेले.

ती शांतपणे म्हणाली, "अगं, म्हणजे तुझा रिपोर्ट बरोबरच होता की."