बियरचा नळ

धसईच्या एस.टी.त अनंताच्या पुढच्या बाकावर हिराबाई शेजारणीला सांगत होती.

“शेठनी बंगल्यात बियरचा नळ बसवलाय. त्याला आंबूस वास मारायचा. शेठ बोलले, काढूनच टाकतो.”

“मग गो?”

“मी नळ खोलला. आत ही बुळबुळ! ब्रशनी घासला, नळीतून सोड्याचं गरम पानी काढलं, मग चार बादल्या साधं. आता पावने दोन-दोन गिलास मागतात.”

“साफ झाला ता कसा कळतो? चाखतेस का काय?”

“चाखते तर! दर सोमवारी.”

अनंता पुढे सरकला.

“अगो बाई! पोरांना ठावं हाय?”

“पानी गो! शेवटचं पानी आपल्या हिरीच्या पान्यासारखं लागलं, का नळ साफ.”

“आन बियर कशी लागते?”

“मला काय ठावं? माझं काम पान्यापुरतं.”