पुढे वाचू का?

...नाही, पण तुम्ही मला एक सांगा, ज्या वस्तूवर वाचायचं तिला गाणं कशाला यायला पाहिजे? फोटो कशाला काढता यायला पाहिजेत? चष्म्याला कोणी विचारतं का, की बाबा रे, तुला शिट्टी वाजवता येते का? नाही ना? मग आमच्या धम्मपालच्या त्या वाचायच्या पाटीलाच का विचारलं? तेव्हाच, तुम्हाला सांगतो, मी नको म्हणणार होतो. पण आमचं ऐकतो कोण, आम्ही बसणार मागं, चपलांपाशी.

धम्मपाल कोण, ते आधी ऐका. इकडं गुजरातेत, पांडेसऱ्यात, आमचं छोटंसं बुद्धविहार आहे. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने तिथं रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. धम्मपाल कडोदऱ्याच्या पॉवरलूमवरून सुटतो, घरी येऊन अंघोळ करतो, पांढरा सदरा घालतो आणि आसनावर बसून वाचतो. आधी त्याचे वडील वाचायचे. ते गेले आणि हा बसला. कारखान्यात शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला 'ए धम्मा' करतात, पण आसनावर बसला की भलीभली माणसं खाली मांडी घालून त्याचं ऐकतात. या माणसाकडं दुसरं काही नाही हो. एवढंच आहे.

ग्रंथाची पानं सुटायला आलेली, अक्षर बारीक, आणि याचे डोळे दिवसभर धाग्याकडं बघून बघून पाण्यानं भरलेले, त्यांना मोबाइलचा उजेड सोसवत नाही. म्हणून यानं जुन्यातलं एक ई-बुक रीडर आणलं. काळंपांढरं. उजेड नाही, रंग नाही, आवाज नाही. अक्षर हवं तेवढं मोठं करा आणि वाचा, बस. आम्ही तिला पाटीच म्हणायचो. एकदा चार्ज केली की आठवडेच्या आठवडे बघायला नको. त्याची आई चंपाबाई, तिला वाचता येत नाही, पण रोज पहिल्या रांगेत बसायची, लेकाच्या तोंडाकडं बघत. छान चाललं होतं... चालू द्यायचं ना मग?

तर नाही! बाजीराव आले. आमचे अध्यक्ष. इच्छापोरच्या कंपनीतून रिटायर झाले, कंपनीनं निरोपाला एक टॅबलेट दिला, तो यांनी विहाराला दान केला आणि मागं स्वतःच्या नावाचं स्टिकर डकवलं, मोठ्या अक्षरात. पाटी हातात घेऊन उलटीपालटी केली, नाक मुरडलं. यात व्हिडिओ दिसतो का? नाही. फोन येतो का? नाही. गावाकडं जळगावच्या लोकांना वाचन लाइव्ह दाखवता येतं का? नाही. मग टॅबलेट वर धरून गुजरातीत म्हणाले, "आमां बधुं थाय." सगळं होतं यात. सगळ्या माना डोलल्या. धम्मपालनं पाटी पिशवीत ठेवली. आणि टॅबलेट काही बोलला का? नाही. नुसता चमकला.

आता आमच्यात एक रीत आहे. धम्मपालच्या वडिलांनीच घालून दिलेली. आसनावर बसलं की समोर येईल ती ओळ वाचायची, एकही गाळायची नाही, पदरचा शब्द घालायचा नाही. पहिल्याच संध्याकाळी धम्मपाल रंगात आलेला, डोळ्यांतून पाणी गळतंय, तरी आवाज खणखणीत, समोर बायाबापड्या तल्लीन... आणि ओळींच्या मधोमध एक चौकोन उगवला. यानं त्याच गंभीर सुरात, त्याच लयीत तोही वाचला: बराच वेळ झाला आहे, आता थोडी विश्रांती घ्या.

वाचन संपलं की जोडतात तसे बायांनी हात जोडले. साधु, साधु, साधु. आणि उठल्या! पदर सावरले, पोरं उचलली, चपला घातल्या, गेल्यासुद्धा. प्रकरण अर्धं राहिलेलं, धम्मपाल आसनावर तोंड उघडं टाकून बसलेला, आणि हॉल रिकामा. मी हसलो, खोटं कशाला बोलू. मग एकदम हसू आटलं. इतकी वर्षं सभा वाचणारा उठवत होता, त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या कोणी उठवली. टॅबलेट? तो नुसता चमकला.

बाजीराव मात्र खूश. वेळेवर सुटलो, म्हणे. त्या दिवसापासून लोकांची एक सवय बदलली. आधी वाचताना सगळे धम्मपालच्या तोंडाकडं बघायचे, आता त्याच्या हातातल्या वस्तूकडं बघायला लागले, आता काय काढतोय, आता सोडतोय का. धम्मपालला ते कळत होतं. घरी त्यानं लेकीजवळ, साक्षीजवळ, विषय काढला. ती कॉलेजात जाते. तिनं मान वर न करता सांगितलं, "पप्पा, एकच काम करणारी वस्तू आता ठेवतं कोण?" पोरीच्या मनात काही नव्हतं हो, ती पाटीबद्दल बोलत होती. पण याच्या कारखान्यात त्याच महिन्यात नव्या मशिनी आल्या होत्या, चार माणसांचं काम एकाला लावलं होतं, आणि उरलेल्या तिघांना शेठनं असंच मान वर न करता सांगितलं होतं. धम्मपाल त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पाटी घेऊनच आला. सरळ आसनावर बसला. बाजीरावांना म्हणाला, काका, मी यावरच वाचणार. बाजीराव म्हणाले वाच बापा, टॅबलेट बाजूला असू दे, लाइव्हसाठी. म्हणजे डाव्या हाताला तो उभा, चौरंगावर, टेकू देऊन. धम्मपालनं सुरुवात केली आणि काय वाचला म्हणून सांगू! बाहेर पाऊस, आत टाचणी पडली तरी ऐकू येईल, चंपाबाईची नजर पुन्हा लेकाच्या तोंडावर. मी मनात म्हटलं, जिंकला गडी.

आणि लाइट गेली.

पाटीला उजेड कुठला? ती विझल्यासारखी झाली. धम्मपालचा आवाज ओळीच्या मध्येच थांबला. काळोखात तो पाटी डोळ्यांपाशी नेतोय, लांब धरतोय, आठवेल तेवढं म्हणावं तर पदरचा शब्द घालायचा नाही... कोणीतरी खाकरलं, एक पोर रडायला लागलं, आणि मग अख्ख्या हॉलमध्ये एकच वस्तू चमकत होती. सगळ्या माना तिकडं वळल्या. बाजीरावांनी त्यात ग्रंथ उघडला, थांबलेली ओळ शोधून बोट लावलं. आणि टॅबलेट या वेळी बोलला.

बाईचा आवाज. गोड. धम्मपाल थांबला होता त्याच ओळीपासून. अडखळणं नाही, खोकला नाही, घोटभर पाणी नाही. प्रकरण संपवलं आणि थांबून विचारलं, "पुढे वाचू का?"

यंत्राला उत्तर द्यायचं कोणी? धम्मपाल सगळ्यांकडं बघतोय, तुम्हाला सांगतो, त्या निळ्या उजेडात त्याचं तोंड मला दिसत होतं, नको म्हणा, कोणीतरी नको म्हणा... आणि पहिल्या रांगेतून चंपाबाईचा आवाज आला.

"वाच, बाई. माझा लेक दिवसभर राबून येतो, त्याचा घसा बसलाय. तू वाच."

माउलीनं मायेनं सांगितलं हो! मग शेजारची जागा हातानं साफ केली आणि लेकाला बोलावलं, ये, बस जरा. धम्मपाल आसनावरून उतरला, आईजवळ बसला, आणि शेवटी सगळ्यांबरोबर त्यानंही हात जोडले. साधु, साधु, साधु.

तेव्हापासून असंच चाललंय. फळ्यावर वाचक म्हणून नाव अजून धम्मपालचंच आहे. काम काय, तर कारखान्यातून आला की टॅबलेट चार्जिंगला लावायचा, कारण त्याला सगळं येतं, पण एक संध्याकाळ धड निघत नाही. पाटी घरी कपाटात आहे. परवा मी सहज उघडून बघितली. तिचं चार्जिंग अजून शिल्लक आहे. वाचतंच कोण, संपायला?