दारापर्यंतचा वेळ

हाडांच्या डॉक्टरांकडे ताटकळलेल्या काकूंचे कान शेजारच्या दोन तरुणांच्या बोलण्याला चिकटले. एकाची आई आत तपासून घ्यायला गेली होती.

“उद्या फौजेच्या साहेबांना दाखवायचंय. जवानांच्या सरावाच्या व्हिडिओ गेममधलं गाव झालं का तयार?”

“झालं. आमच्याच गल्लीचे फोटो वापरले.”

“आणि शत्रूचं घर?”

“आमचंच. जवान दार ठोठावतात, एक-दोन-तीन म्हणतात आणि दार उडवून आत घुसतात.”

“झकास! मग तोंड का पाडलंयस?”

“काल घरात एक म्हातारी घातली. चाल आमच्या आईची दिली.”

“बरं, मग?”

“ती दारापर्यंत पोचतच नाही रे.”

“मग जास्त मोजू दे त्यांना!”

“साहेब म्हणतात, खऱ्या लढाईत एवढंही कोणी थांबत नाही.”

आत फारच वेळ लागला, तसं आईची चाल देणाऱ्यानं उठून दार ठोठावलं.

“आले रे बाळा, आले. जरा दम धर!”