स्वयंपाकघरात इंग्लिश बंद

—नाही हो, बसा, बसा, बेंच काही माझ्या एकटीचा नाहीये! तुम्ही सुमंतच्या आई ना, पुण्याहून आलेल्या? वाटलंच. मी रेखा, इथे अमेरिकेत, या कॅरी गावात पस्तीस वर्षं झाली. ती घसरगुंडीवर पिवळ्या फ्रॉकमधली आन्या, माझी नात. सून आइसलँडची, सिग्रून — गुणी आहे हो, पोहे माझ्यापेक्षा छान करते. आणि महिनाभर तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, इथेच मुक्कामाला. तिकडे शाळेत शिकवायच्या. आल्या दिवशीच म्हणाल्या, आमची पोरं भाषेचं वाटोळं करताहेत — उठताबसता 'सॉरी', 'नाइस', 'ओके', निघताना 'बाय'. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे येऊन बघा! आणि तिकडे म्हणे कॉम्प्युटर आला तेव्हा जुने दोन शब्द जोडून स्वतःचा नवा शब्द काढला, आणि लोक तो खरंच वापरतात. आपण संगणक काढला, तो बिचारा पाठ्यपुस्तकातच राहिला! मला तर बाई हे मिक्सिंग बिलकुल टॉलरेट होत नाही... हसताय काय? बरं, हसा. पस्तीस वर्षांत एवढं चालायचंच.

तर आम्ही दोघींनी रूल केला — स्वयंपाकघरात इंग्लिश बंद. पोरीच्या कानावर फक्त मराठी आणि आइसलँडिक पडलं पाहिजे. पण आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायला इंग्लिशशिवाय आहे काय? कप्पाळ! मी मीठ मागते, त्या साखर देतात. त्या शेगडीकडे हात करून काहीतरी सांगतात, मी आपली मान डोलावते. शेवटी भाजी लागली, धूर झाला, अलार्म कोकलायला लागला, आणि विहीणबाईंच्या तोंडून काय निघालं? 'सॉरी, सॉरी!' मी हसून हसून खालीच बसले. त्या मात्र खट्टू झाल्या — स्वतःच्या भाषेत चांगला शब्द असताना जिभेवर हाच का आला म्हणून. मी म्हटलं, जाऊ द्या हो, आला ते बरं झालं.

खरंच बरं झालं. कारण... काही नाही, निमिषने, माझ्या मुलाने, तिकडची नोकरी घेतलीय. ऑगस्टमध्ये जाताहेत तिघं. नाही नाही, आनंदच आहे! मोकळी हवा, सुनेचं माहेर. फक्त तीन वर्षांची पोर, तिथे मराठी किती टिकणार, सांगा? फोनवर माझ्या एकटीचा आवाज. म्हणून परवा विहीणबाईंना हळूच म्हटलं, तुम्ही तिकडे इंग्लिशला फार हाकलू नका हं. राहू दे थोडं सॉरी, थोडं नाइस. तेवढ्यावर तरी ती माझ्याशी बोलेल. मी म्हटलं हो हे, मी! रविवारच्या मराठी शाळेत एकेका इंग्लिश शब्दावरून पोरांना दटावणारी! त्यांनी उठून चहाचं आधण ठेवलं. मग मीही विषय बदलला.

अगंबाई, पडली वाटतं! आले गं, आले... काय झालं सोन्या? गुडघा? बघू. रडू नको, आजीला सांग. काय म्हणतेस? परत सांग. — नाही हो, मराठी नाही. इंग्लिशही नाही ते. सगळं तिकडचंच, आइसलँडिकच बोलतेय... नाही, मला नाही कळत. तुम्ही निघा घरी, मी बसते हिच्याजवळ.