आवाज तपासताना

मामी : मागच्या जिन्यानं आलीस ना? कुणी अडवलं नाही?

भाची : नाही. पण पुढच्या फाटकाशी बरीच माणसं जमलीत. मामा कुठंय?

मामी : हे काय, टीव्हीपुढे. आवाज बंद करून तेच तेच बघतायत. दुपारी कुणीतरी दारावर काळं ऑइल ओतून गेलं.

मामा : ऑइल बरं होतं. लिफ्टला चाललं असतं.

मामी : बघ. अजून जीभ आवरत नाही. या विनोदांनीच घात केलाय.

मामा : ये चिमे, बस. तुझ्याच चॅनलवर चाललंय. तुमची ती वार्ताहर बाई विचारते, ‘लिफ्ट कोसळली, एका आजींचा खुबा मोडला, लिफ्टचे मेकॅनिक म्हणून काय वाटतं तुम्हाला?’ आणि मी दात काढतो. मला सांग, मी हसलो होतो का गं? तू तिथंच होतीस. इतक्यांदा बघितलं की आता माझं मलाच खात्रीनं सांगता येईना.

भाची : हसला होतास. पण त्या प्रश्नावर नाही. त्याच्या आधी. माइक लावला की आवाज तपासायला काहीतरी बोलायला लावतात ना, तेव्हा. कॅमेरा चालूच असतो. ते हसणं उचलून प्रश्नापुढे चिकटवलं.

मामा : आणि प्रश्नावर मी काय केलं?

भाची : कॅमेऱ्याकडे सरळ बघितलंस. मग म्हणालास, ‘ब्रेक झिजला होता. मी लिफ्ट बंद करून कुलूप घातलं होतं. बिल्डरच्या माणसानं ते काढलं, गिऱ्हाइकं फ्लॅट बघायला येणार होती म्हणून.’

मामा : म्हणालो ना? हां. म्हणालोच असणार.

मामी : मग ते कुठं गेलं?

भाची : कापलं. बिल्डरच्या जाहिरातींवर चालतं आमचं. साहेब संकलनाच्या टेबलाशी येऊन म्हणाले, कुलपाचं नको, माणूस बेफिकीर दिसला पाहिजे. माझ्या शेजारच्या संकलकानं कापलं. मी बाजूच्या खुर्चीत.

मामी : आणि गप्प बसलीस.

भाची : बोलले गं. साहेब म्हणाले, ‘ओळख काढून दिलीस, उपकार झाले, आता जा, जेवून ये.’ जेवायला नाही गेले. मूळ चित्रण फोनवर उतरवून घेतलं.

मामा : म्हणजे चोरलंस.

भाची : हो.

मामी : बरं केलंस. अहो, त्या इमारतीतल्या लोकांचा ग्रुप आहे ना, त्यातून तुम्हाला काढलं नाहीये अजून. टाका सगळं तिथं. फाटकाशी उभे आहेत ते त्यातलेच.

मामा : थांब. आधी मला बघू दे.

(फोनवर चित्रण सुरू होतं. तिघंही वाकून पाहतात.)

मामा : हा मागून आवाज कुणाचा? ‘मामा, सकाळी काय खाल्लंस?’

भाची : माझा.

मामी : आणि हे म्हणतात, ‘तुझ्या मामीचा ओरडा.’ आणि हसतात. एवढंच? एवढ्यावरून दाराला ऑइल?

मामा : ‘मामा’ म्हणालीस तू. चॅनलमध्ये मला मामा म्हणणारी एकच आहे. चोर कोण, हे त्यांना शोधावंही लागणार नाही.

भाची : ठाऊक आहे मला.

मामी : मग हिचा आवाज तेवढा काढून टाका. हिचं तर कामच ते.

भाची : काढता येईल. चुटकीसरशी होईल.

मामा : आणि मग मी कुणाकडे बघून हसतोय? भिंतीकडे? लोक म्हणतील, यांनीही कापलंय. आणि खरंच कापलेलं असेल. नको. राहू दे. चार दिवसांत विसरतात लोक.

मामी : आजींचा मुलगा खाली उभा आहे. तो विसरेल? मी सकाळी दूध आणायला उतरले आणि तशीच परत फिरले. मला भीती वाटते हो.

मामा : मला वाटत नाही होय? पण ताईचं घर या पोरीच्या पगारावर चालतं. माझं नाव धुवायला तिची चूल विझवू?

भाची : तुझं नाव मीच सुचवलं होतं, मामा. ‘माझा मामा न घाबरता बोलतो,’ असं मिरवून सांगितलं होतं. आणि हसवलंही मीच. तुझा चेहरा फार ओढलेला होता म्हणून.

मामा : त्यात तुझा काय दोष?

भाची : फोन दे तुझा. चित्रण त्यावर पाठवलंय, ग्रुपवर टाकते.

मामा : नाही देणार.

भाची : मामी.

मामी : हा घे. उशीखाली होता.

मामा : अगं, घरी आईला तरी विचार—

भाची : गेलं. सगळं, जसंच्या तसं.

मामी : बघितलं का कुणी?

भाची : बघतायत.

मामी : काही लिहिलं?

भाची : अजून नाही.

मामा : तुझा फोन वाजतोय, चिमे.

भाची : ऑफिसचा आहे. इतक्यात कसं कळेल त्यांना? रोजचंच काहीतरी असेल. वाजू दे.

मामी : बरं, वाजू दे. सकाळपासून काही खाल्लंस का?

भाची : तुझा ओरडा.

मामी : अहो, हळू हसा. खिडकी उघडी आहे.