ठकीची खरूज आणि मालकांची बंडी

माझं नाव गयाबाई. माहेर माझं हिंगोलीकडल्या पुसेगावचं. तिकडं आमची सगळी कोरडवाहू, आभाळाकडं बघून पेरायचं, अन् लगीन होऊन इकडं जवळा बाजार गावाच्या बाजूला आले तर सिद्धेश्वर धरणाच्या कॅनलचं पाणी, जिकडं बघावं तिकडं हळद. पहिल्या वर्षी हळद शिजवून माहेरी गेले तर आई माझे हात बघून म्हणली, काहून गं, अजून लग्नाची हळद उतरली न्हाई का? म्हणलं, आता ही जल्माचीच.

मालक माझे लई कमी बोलणारे. काय सांगू तुम्हाला, भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलायचे न्हाईत, ताट जरासं पुढं सरकवायचे, आपण समजून घ्यायचं. सगळा संसार असा समजून घेण्यातच गेला. बोलायचे ते एका ठकीसंगं. ठकी म्हणजे आमची खार.

बांधावरचा जुना लिंब वावटळीत मोडून पडला, त्याच्या ढोलीत घरटं होतं. दोन पिलं मेलेली अन् एक जित्तं, अंगठ्याएवढं, डोळे बी उघडले नव्हते. मालकांनी ते उचललं अन् बंडीच्या आतल्या खिशात टाकलं, तंबाखूची पिशवी काढून दुसऱ्या खिशात घातली. घरी आल्यावर शेळीचं दूध, कापसाची वात करायची, दुधात बुडवायची अन् तिच्या तोंडाला लावायची. मी म्हणलं, आपल्या पोरांना कधी मांडीवर घेतलं न्हाई तुमी, अन् आता खारीला पाजून राहिले व्हय. तर म्हणाले, त्या वख्ताला आई-बाप होते घरात. त्यांच्यासमोर लेकराला कसं घ्यावं? एवढं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले असतील माझ्यासंगं. मला हसूबी आलं अन् कसंतरीबी झालं.

ठकी मोठी झाली ती त्या खिशातच. शेतात जायची ती खिशात, यायची ती खिशात. पिंजरा आमी कधी केला न्हाई. दिवसभर अंगणातल्या लिंबावर, पत्र्यावर, सांजच्याला मालकांनी बंडी काढून खुंटीला अडकवली की ही भिंतीवरून सरसर जाऊन खिशात शिरायची, शेपटी तेवढी भाईर लोंबायची.

मग मालक गेले. हळद काढायचेच दिवस होते, छातीत कळ आली म्हणाले, गाडी करून हिंगोलीला नेईस्तोवर संपलं. आमच्याकडं माणूस गेलं की त्याचं कापड घरात ठेवीत न्हाईत. दहाव्याला धोतरं दिली, रुमाल दिला, चपला गेल्या. माझी जाऊ, कौसाबाई, खुंटीवरची बंडी काढायला गेली तर आतून ठकी अशी उसळून आली, चिर्र चिर्र करून अंगावर आली, कौसाबाई मागच्या मागं हटली. सगळे म्हणाले, राहू द्या, मुकं जनावर हाय, मागून काढू. ते मागून काही झालं न्हाई. खरं सांगते, मलाबी ते पायजेच होतं. दुपारी घरात कोणी नसलं की मी त्या बंडीला नाक लावायची. तंबाखू, घाम अन् हळदीचा उग्र वास. माणूस शेजारी बसलंय असं वाटायचं.

वर्ष होत आलं अन् ठकीला खाज सुटली. आधी कानाच्या मागं खाजवायची, मग पोटाला, मग सारखंच. खाताखाता शेंगदाणा टाकून द्यायची अन् पायानं खर्रखर्र खाजवायची. शेपटीचे केस झडले, दोरीवानी शेपटी झाली. कानावर खपल्या आल्या, पाठीवर कातडं उघडं पडलं. आता आमी हळदीवाले लोक. पाय कापला हळद, घसा दुखला हळद, बैलाचा खांदा सोलला तरी हळद. मी हळद करंजीच्या तेलात कालवली अन् ठकीला माखून काढली. ती पिवळीजर्द होऊन पळाली अन् पत्र्यावर बसून सगळी चाटून टाकली. दुसऱ्या दिवशी हगवण लागली, तेलानं केस चिकटले, थंडीनं कुडकुडून राहिली. कौसाबाई म्हणली, बैलाचं गोचिडाचं औषध लाव, दोन बोटं. मी बाटली घेऊन आलेबी. माझी सून शोभा, तिनं हातातून वढून घेतली. म्हणली, आत्याबाई, वासरानं नुसतं चाटलं होतं तर कसं लाळ गाळीत पडलं होतं, ही तर मुठीएवढी हाय.

मग कौसाबाईनं दुसरंच काढलं. म्हणली, गयाबाई, हे औषधाचं काम न्हाई. मेल्या माणसाचं कापड घरात टांगलंय तू, त्याचा जीव अडकलाय, तो तिला वढून राहिला. मला असा राग आला. म्हणलं, माझ्या मालकानं जित्तेपणी कोणाचं काही वढून नेलं न्हाई, आता काय खारीला वढील? तिला बोलले, पण मनात भ्या बसलंच. ठकीबी गेली तर मग मालकांचं म्हणून जित्तं काय राहील हो घरात?

बाजाराच्या दिवशी शोभा अन् मी ठकीला झाकणाच्या टोपलीत घालून जनावराच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथं म्हशी, गोऱ्हे, शेळ्या, अन् मधात आमी टोपली घेऊन. एका बाप्यानं विचारलं, काय हाय मावशी, कोंबडी का? म्हणलं, खार. सगळे हसायला लागले. तो म्हणतो, दुधाची हाय का? म्हणलं, चार दाती हाय, औताला चालती, घेता का? मग तर डॉक्टरीण बाईबी आतून हसत आल्या. तरणीच पोरगी होती. तिनं हातात रुमाल घेऊन ठकीला धरलं, खपली खरडून काचेवर घेतली, यंत्राखाली बघितली अन् म्हणली, आजी, ही खरूज. बारीक किडे असतात कातड्यात, डोळ्याला दिसत न्हाईत. हळद, तेल, गोचिडाचं औषध काही लावू नका. तिनं ठकीला तोलून औषधाचा इवलासा थेंब मानेवर सोडला, परत आणायला सांगितलं, अन् विचारलं, झोपती कुठं? तिचं अंथरूण उकळून काढा न्हाईतर जाळून टाका.

मी मनात म्हणलं, हीबी कौसाबाईचंच बोलून राहिली. मी म्हणलं, ह्याच टोपलीत झोपती, चिंध्यावर. शोभा माझ्या तोंडाकडं बघत राहिली. घरी येऊन चिंध्या चुलीत घातल्या, टोपली नवी आणली. बंडीला हात लावला न्हाई.

ठकी सुधारली. खाज कमी झाली, कानावर लव आली. मी खूश. अन् मग पुन्हा सुरू, आधीपरीस जास्त. ह्या वख्ताला डोळ्याच्या भवतालीबी खपल्या, खाणं बंद. दवाखान्यात नेली तर डॉक्टरीण म्हणली, आजी, औषध तर बराबर लागू पडलं होतं, मग किडे आले कुठून? शोभानं माझ्या पाठीवर हात ठेवला अन् म्हणली, सांगा ना आत्याबाई. मग मी सांगितलं, बंडीचं, खिशाचं, कौसाबाई काय म्हणली त्याचं, सगळं. ती पोरगी हसली न्हाई. म्हणली, आजी, आजोबा कुठं वढतात तिला? किडे हायेत, ते उबेच्या कापडात दडतात. बंडी टाकू नका, उकळा. पण उकळाच. आता अजून एक डाव झाला तर मी हमी देत न्हाई.

त्या दिवशी मी बंडीचा एकडाव वास घेतला, लांबून, किड्यांमुळं. अन् भाईरच्या चुलीवर पाणी ठेवलं, उकळी फुटल्यावर बंडी सोडली अन् काठीनं खाली दाबली. पाण्यातून तो वास असा वर आला, सगळा एकदमच, तंबाखू, घाम, हळद. मी वाफेतच तोंड धरून उभी राहिले. शोभा म्हणली, आत्याबाई, धूर लागतोय डोळ्याला, सरका. म्हणलं, लागू दे. पाणी गार झालं तेव्हा वास गेला होता. मग उन्हात वाळू घातली. हळदीचा डाग पाण्यानं जात न्हाई, उन्हानं जातो, दोन-चार रोजात तोबी उडाला. पांढरीफेक. कोणाचीबी बंडी असती तशी.

ठकी बरी झाली. शेपटी पहिल्यासारखी झुबकेदार झाली. डॉक्टरीण म्हणली, रानातलं जनावर हाय, घरात ठेवायचं नसतं, आता जाऊ द्या. म्हणलं, बाई, आमी कुठं ठेवली, तीच राहिली. पण तिचं ऐकलं, टोपली काढून टाकली, रातच्याला दार लावून घेऊ लागले. दोन दिवस पत्र्यावर चिर्र चिर्र केलं तिनं, मग लिंबावर ऱ्हायला गेली. बंडी मात्र मी भाईर वसरीच्या खुंटीला अडकवली. काहून अडकवली, मला सांगता येणार न्हाई.

औंदा बघते तर ठकी बंडीचे धागे वढून राहिली. दातानं तोडायची, तोंडात गोळा करायची अन् लिंबावर पळायची, की पुन्हा खाली. कौसाबाई म्हणली, अगं हाकल तिला, बंडीची चाळण करून राहिली. म्हणलं, नेऊ दे. बाळंतीण हाय ती. माझ्या मालकाचा बाळंतविडा हाय तो.

आता लिंबावर तीन पिलं हायेत, बरोबरच उतरतात दाण्याला. एकाच्याबी अंगावर खपली न्हाई, मी रोज बघून घेते. पोरगा म्हणतो, आई, ती चिंधी कशाला ठेवली खुंटीला? मी म्हणते, राहू दे रे, खिसा अजून शाबूत हाय, एक बाळंतपण निघंल त्याच्यात. बाकी देवाची दया हाय, सून चांगली, पोरं चांगली, काही तकलीफ न्हाई. तुमच्याबी घरी लेकरंबाळं सुखाची राहोत. घ्या, शेंगा घ्या, अन् टरफलं तिकडं लिंबाखाली टाका, एखादा दाणा राहिला तर ती येऊन हुडकती.